रंग वाळण्यापूर्वी

गेल्या वैशाखातील गोष्ट. धुळ्याच्या आमच्या चुलतबंधूंच्या थोरल्या कन्येचे लग्न ठरले व त्याची निमंत्रणपत्रिका जळगावी आमच्या घरी आली. पत्रिका हाती पडताच आम्ही चष्मा पुसला, आणि आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाचा हात जिकडे जावयाचा तिकडेच गेला. खिशातल्या तांबड्या पेन्सिलीकडे. ‘ज्येष्ठ कन्या’ हवे तेथे ‘जेष्ठ कन्या’, ‘शुभाशीर्वाद’ हवे तेथे ‘शुभाशिर्वाद’, आणि सर्वांवर कळस म्हणजे ‘पाणीग्रहण’! पाणि म्हणजे हात. वराने वधूचा हात धरावयाचा म्हणून विवाहास पाणिग्रहण म्हणतात. त्यातला ‘णि’ दीर्घ केला की हाताचे पाणी होते, आणि मग नवरदेवाने मांडवात हात धरावयाचा की हंडा, असा प्रश्न पडतो. आम्ही मोठ्याने हसलो, तीन ठिकाणी तांबडी वर्तुळे काढली आणि घरातील मंडळींना पत्रिका दाखवीत सुटलो.

आमची नात नववीत आहे. तिने पत्रिका पाहिली, वर्तुळे पाहिली, आणि अगदी सहज म्हणाली, “आजोबा, ही पत्रिका त्यांनी तपासायला नाही पाठवली, बोलवायला पाठवली आहे.”

सूनबाईंनी तिला दटावले. परंतु बाण सुटला होता व नेमका लागलाही होता. त्या एका वाक्याने आम्हांस जे विचारात पाडले, त्याचेच हे टाचण वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही खोड आमच्या एकट्याची असती तर ते ठेवण्याचे कारण नव्हते. पण सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या बहुतेक घरांत एखादे काका, एखादी आत्या असतेच, की जिच्यापुढे पत्र लिहिणाऱ्याचा हात कापतो. दुसऱ्याची चूक दिसणे ही विद्या होय. ती दाखवावी केव्हा, कोठे व कशी, हे कळणे ही निराळी विद्या आहे. पहिली आम्ही शाळेत शिकलो. दुसरी शिकावयास फार वर्षे लागली, आणि अजूनही ती पुरती आली आहे असे या प्रसंगावरून दिसत नाही.

एस.टी.च्या खिडकीतून

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही धुळ्यास निघालो. जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावे मागे टाकीत गाडी जाते. खिडकीशी जागा मिळाली म्हणजे आम्ही पाट्या वाचतो. या वेळी मात्र नातीचे वाक्य कानात होते. म्हणून चुका मोजण्याऐवजी, ही चूक या माणसाच्या हातून का झाली असावी, याचा विचार करीत बसलो. त्यात जो आनंद झाला तो चुका मोजण्यात कधी झाला नव्हता.

एका फलकावर ‘शिवमंदीर’ होते. दुसऱ्यावर कोणा पुढाऱ्याच्या छबीखाली ‘हार्दीक शुभेच्छा’ होत्या. तिसऱ्यावर, चार महिने उलटून गेले तरी, ‘प्रजासत्ताक दीन’ चिरायू होत होता. दिन म्हणजे दिवस व दीन म्हणजे बापुडा. तेव्हा प्रजासत्ताकाची ही अवस्था पाहून पूर्वी आम्ही हसलो असतो. पण या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. मराठी माणूस ‘मंदिर’, ‘हार्दिक’, ‘दिन’ हे शब्द उच्चारताना शेवटच्या अक्षराआधीचा इकार लांबवितोच. आपल्या भाषेचा तो स्वभाव आहे. म्हणूनच आपण फूल, तूप, वीट, गरीब असे दीर्घ लिहितो, आणि प्रत्यय लागून शब्द वाढला की फुलाचा, तुपाचा, विटेचा, गरिबाचा असे ऱ्हस्व करतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तेवढे या नियमास अपवाद. ते संस्कृताप्रमाणे लिहावयाचे. म्हणजे ‘मंदीर’ लिहिणारा मनुष्य नियम मोडीत नाही. तो मराठीचा नियम संस्कृत शब्दास लावतो. त्याच्या कानाने त्यास फसविले नाही. हा शब्द तत्सम आहे, हे त्यास कोणी सांगितले नाही, इतकेच.

आता ते आम्हांस कोणी सांगितले? आजोबांच्या मांडीवर बसून रामरक्षा म्हटली, मुंजीत संध्या पाठ केली, शब्दरूपावली घोकली. त्यातून हे ऱ्हस्व-दीर्घ कानांवर पडत गेले. त्यात आमचे कर्तृत्व काय? ज्याच्या घरातील पहिलीच पिढी शाळेचा उंबरठा चढली, त्यास ही शिदोरी मिळाली नाही. वाडवडिलांकडून आयता मिळालेला दागिना अंगावर घालून, ज्यास तो मिळाला नाही त्यास हसावयाचे, याला विद्वत्ता म्हणावयाचे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

‘शुध्द शाकाहारी’ ही पाटी तर दर पाच मैलांवर होती. शुध् या धातूस त प्रत्यय लागून हा शब्द झाला. दोन महाप्राण वर्ण एकास एक लागून उच्चारणे कठीण, म्हणून पहिल्याचा द् होतो व दुसरा ध राहतो. तेव्हा आधी द्, मग ध, असा ‘शुद्ध’ खरा. बुद्धी, सिद्ध, युद्ध, श्रद्धा हे सारे त्याच माळेतील मणी. मग जो तो उलटे का लिहितो? आमच्या मते यात लिपीचाही दोष आहे. ‘ध’ला उभा दंड आहे, तो काढला की अर्धा ध् तयार. ‘द’ला असा दंड नाही, त्याचे अर्धे रूप करणे टंकलेखन यंत्रावर अडचणीचे, पाटीवरही अडचणीचे. सोपे असते तेच हात करतो, आणि डोळ्यांस एकदा सवय झाली की चूकच बरोबर दिसू लागते.

महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी आवश्यक झाली, आणि इतर लिपीतील अक्षरे मराठीहून मोठी नसावीत असेही ठरले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या दुकानदारांस दोन महिन्यांची मुदत घालून दिली. हे सर्व इष्टच झाले. पण पाटी मराठीत असावी हे कायदा सांगू शकतो. ती शुद्ध कशी असावी हे शिकविणे कायद्याचे काम नव्हे. ते आपले आहे. आणि आपण ते कसे करतो, याची एक गोष्ट आम्हांस धुळ्यात गाडी शिरताच आठवली. ती सांगण्यात भूषण नाही, तरी सांगतो.

शिडीवरचा मनुष्य

धुळ्यास आम्ही पुष्कळ वर्षे शिक्षक होतो. या गोष्टीस तीस वर्षे होत आली असतील. त्या वेळी कापडासारखे गुंडाळता येणारे छापील फलक नव्हते. पेंटर शिडीवर चढून, दोरीला खडू लावून रेघा मारी व ब्रशाने एकेक अक्षर रंगवी. एके सायंकाळी शाळा सुटल्यावर आग्रा रोडने जात असता एका दुकानावर पाटीचे काम चाललेले आम्ही पाहिले. ‘शुध्द तुप मिळेल’ ही अक्षरे पुरी होत आली होती. अक्षर मोठे वळणदार होते. चुका दोन होत्या.

आम्ही खालूनच, चांगल्या वर्गातल्या आवाजात, म्हणालो, “अहो, शुद्ध तूप विकावयाचे तर आधी शुद्ध लिहा तरी!” रस्त्यावर चार माणसे उभी होती, ती हसली. आम्हांसही आपल्या कोटीचा आनंद झाला. हशा ऐकून दुकानदार बाहेर आला. गिऱ्हाइकांसमोर आपली शोभा झाली, हे त्याच्या ध्यानी आले, आणि तो सगळा राग त्याने शिडीवरच्या मनुष्यावर काढला. पेंटर खाली उतरला. हातातील ब्रश पुशीत तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, शेठनी कागदवर जसं लिखी दिधं तसंच मी काढं. यामा मन्हा काय गुन्हा?” कागद त्याच्या खिशातच होता. त्यावर दुकानदाराच्या हाताने, दोन्ही चुकांसह, तेच शब्द लिहिलेले होते. पण आता तो कागद पाहावयास कोणी तयार नव्हते. आम्ही घरी निघून आलो.

पुढची हकीकत दुसऱ्या दिवशी कळली. त्या पेंटरचा मुलगा आमच्याच वर्गात होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते. एरवी पहिला हात वर करणारा तो मुलगा त्या दिवशी खाली मान घालून बसला. मधल्या सुट्टीत त्याच्या सोबत्याने सांगितले की, दुकानदाराने पाटी पुन्हा रंगवून घेतली, रंगाचे पैसे मजुरीतून कापले, आणि बापाचे दोन दिवस फुकट गेले. चूक दुकानदाराची, कोटी आमची, आणि दंड मात्र त्या दोहोंच्या मधल्या, शिडीवर उभ्या असलेल्या मनुष्यास झाला.

त्या संध्याकाळी आम्ही पत्ता काढून त्याच्या घरी गेलो व झालेले नुकसान भरून देऊ केले. त्याने पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दिला. निघताना तो म्हणाला की, पुढच्या वेळी रंगवावयाच्या आधी कागद तुम्हांस दाखवीन; रंग वाळल्यावर सांगून काही उपयोग नसतो. आणि त्याप्रमाणे तो पुष्कळ वर्षे येत राहिला. आठपंधरा दिवसांनी संध्याकाळी पायरीवर बसे, खिशातून तीनचार चिठ्ठ्या काढी. आम्ही त्या तेथल्या तेथे नीट करून देत असू. कोणास कळत नसे, कोणाची मजुरी बुडत नसे, कोणाची शोभा होत नसे, आणि धुळ्यातील कित्येक पाट्या शुद्ध होत. चौकात उभे राहून आम्ही आयुष्यात जेवढ्या चुका दुरुस्त केल्या असतील, त्याच्या दसपट त्या पायरीवर झाल्या.

शुद्ध कोणाचे?

धुळे हे गाव या विषयावर विचार करावयास फार चांगले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपले अखेरचे दिवस येथे घालविले; १९२६ सालच्या ३१ डिसेंबरला ते येथेच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जी जुनी दप्तरे मिळविली, ती बहुतेक मोडीत होती. आणि मोडीची मौज अशी की, तीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळीतच नसत. ज्या कारकुनांच्या लेखणीवर मराठ्यांचे राज्य चालले, त्यांची पत्रे आजच्या परीक्षकापुढे ठेवली तर पानन् पान तांबडे होईल! म्हणून ते लोक अडाणी होते काय? त्यांच्या काळची रीत निराळी होती, एवढेच.

रीत पुढेही बदलत आली. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. आमचे आजोबा ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘गांव’ असे लिहीत व तेच त्या काळी शुद्ध होते. १९६२ साली साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने मान्य केले व न उच्चारले जाणारे ते अनुस्वार गेले. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. तेव्हापासून ‘जळगाव’ शुद्ध, ‘जळगांव’ अशुद्ध. मागे एकदा आजोबांच्या पत्रांची चळत निघाली तेव्हा आमच्या नातीने विचारले होते की, पणजोबांच्या वडिलांना शुद्धलेखन येत नव्हते का? त्यांस ते आमच्याहून चांगले येत होते. अनुस्वार गेले, लिहिण्यातला काळजीपणा मात्र जाता कामा नये.

याच गावी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थभक्त शंकरराव देवांनी जमविलेले रामदासी वाङ्मय तेथे जतन केलेले असून, समर्थांच्या हातचे म्हणून वाल्मीकिरामायणही तेथे आहे. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळींतील अंतर कसे राखावे, कागद व लेखणी कशी सिद्ध करावी, हे सर्व एवढ्या मोठ्या संतास सांगावेसे वाटले. त्यात मुख्य भर आहे तो आपले स्वतःचे लेखन सुंदर व नेटके करण्यावर. दुसऱ्याचे लेखन कसे हाणून पाडावे याचा समास समर्थांनी लिहिला नाही.

खानदेशास आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. आमच्या इकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो व ‘ण’चा ‘न’ होतो. डोळा डोया होतो, शाळा शाया होते, पाणी पानी होते. आम्ही तरुणपणी वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलास उभे करीत असू व सगळा वर्ग हसेपर्यंत त्याच्याकडून ‘पाणी’ म्हणवून घेत असू. त्यातील कित्येकांनी पुढे वर्गात तोंडच उघडले नाही. आम्हांस वाटे, मुलगा सुधारला. तो गप्प झाला होता. बोलीचा हा फरक अडाणीपणाचा नसून नियमाचा आहे. ज्याच्या घरी डोया म्हणतात त्याच्या घरी काया, शाया असेच म्हणतात. मनास येईल तेथे ‘य’ घालीत नाहीत. ही चूक नव्हे, हे दुसऱ्या घरचे व्याकरण आहे. पोथीतील भाषा व घरातील भाषा या दोन्ही मुलास याव्यात. एकीसाठी दुसरीची लाज वाटावयास लावू नये.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच बोलीत गाणी रचीत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या पश्चात १९५२ साली ती गाणी प्रसिद्ध झाली आणि उभा महाराष्ट्र थक्क झाला. जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. आता मौज पाहा. ‘कवयित्री’ हा शब्द शिकलेसवरलेले लोक हटकून ‘कवियत्री’ असा लिहितात. ‘रचयिता’चे स्त्रीलिंग ‘रचयित्री’, तसे ‘कवयिता’चे ‘कवयित्री’. आधी ‘य’, मग त्यास इकार. ज्या बाईंना एक अक्षर लिहिता येत नव्हते त्यांची वाणी निर्दोष ठरली. आणि त्यांच्या नावामागची पदवी लिहिताना पदवीधर अडखळतात! हे ज्याने एकदा मनात आणले, त्यास दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर हसताना थोडा संकोच वाटेल.

मग चूक चालू द्यावी काय?

नाही; असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ‘भावना पोहोचल्या म्हणजे झाले’ हे हल्लीचे मत आम्हांस मान्य नाही. जेवण पोटात गेले म्हणजे झाले, ताट घासलेले नसले तरी चालेल, असे कोणी म्हणत नाही. शुद्ध लिहिणे ही वाचणाऱ्याविषयी दाखविलेली सभ्यता होय.

शिवाय काही चुका अशा असतात की त्यांत दुसऱ्याचे हित बुडते. शाळेच्या दाखलपुस्तकात शिक्षकाने मुलीचे नाव ‘सुनिता’ लिहिले, दुसऱ्या कागदावर ते ‘सुनीता’ झाले, इंग्रजीत तिसरेच झाले. तिच्या पुढच्या आयुष्यात या एका वेलांटीपायी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, कचेऱ्यांचे हेलपाटे पडतात. येथे गप्प बसणे हा सभ्यपणा नव्हे. नाव, औषध, पैशाचा आकडा, जमिनीचा कागद, मुलांचे पाठ्यपुस्तक: यांतील चूक दिसली की बोललेच पाहिजे, त्याच दिवशी, आणि ज्याच्या अधिकारात ती दुरुस्त करणे आहे त्याच्याशी, शक्य तर लेखी. आपले नाव जसे लिहावयाचे तसे आपणच लिहून देण्याची सवय मात्र घरोघर लावून घ्यावी.

इतर ठिकाणी आम्ही आता काही बंधने पाळतो. चूक सांगावयाची ती एकट्यात, आणि ज्याची आहे त्यास; जो केवळ रंगविणारा किंवा छापणारा आहे त्यास नव्हे. नुसते ‘हे चुकले’ न म्हणता ते का चुकते हे दोन वाक्यांत सांगावे. पाणि म्हणजे हात, हे एकदा कळले की तो शब्द मनुष्य जन्मभर चुकत नाही. तांबडे वर्तुळ मात्र तो लागलीच विसरतो, आणि वर्तुळ काढणाऱ्यास कधीच विसरत नाही. लहान मुलाची चूक पाहुण्यांसमोर काढू नये. बोलीस हात लावू नये. जुन्या पत्रांत, जुन्या पोथ्यांत जसे आहे तसेच राहू द्यावे.

आणि एका ठिकाणी तर तोंड पूर्ण मिटावे. चौकात कोणा गेलेल्याची तसबीर लावलेली असते, खाली ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ असे असते. खरे ते ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दोन शब्दांत दोन चुका, हे आमच्या डोळ्यांस दिसतेच. डोळे मिटता येत नाहीत. पण ज्या घरचा मनुष्य गेला आहे त्या घराने ते अक्षर डोळ्यांतील पाण्यातून पाहिले आहे. तेथे नमस्कार करावा व पुढे जावे. व्याकरण दुसऱ्या दिवशीही तेथेच असते.

मांडवातील प्रसंग

लग्नघरी आम्ही पोहोचलो तेव्हा दाराशी मेजावर अक्षतांचे ताट, आहेराची वही व उरलेल्या पत्रिका ठेवल्या होत्या. आम्हांस पाहताच बंधूंच्या धाकट्या मुलाने, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, पत्रिकांचा गठ्ठा उचलून वहीखाली सारला. त्याने ते अगदी चपळाईने केले. पण चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरची चिठ्ठी ओळखणाऱ्या डोळ्यांपासून ते लपले नाही. आमच्या मनास मात्र चटका बसला. आनंदाच्या घरात आम्ही पाऊल ठेवावे आणि घरच्या पोराने काहीतरी लपवावे! आमच्या विद्येने एवढीच कमाई केली काय?

थोड्या वेळाने बंधूंनी बाजूस बोलावले व चाचरत विचारले, “दादा, पत्रिका वाचलीत ना?”

आम्ही म्हणालो, “वाचली. मुहूर्त वेळेवर लागेल ना, तेवढे सांग.”

त्यांनी आमच्या तोंडाकडे क्षणभर पाहिले, मग मनमोकळे हसले, आणि आमचा हात धरून मांडवात घेऊन गेले. पाणिग्रहणाचा तोही एक प्रकारच म्हणावयाचा. लग्न थाटात झाले. रात्री पंगती उठल्यावर, घरची मंडळी सतरंजीवर पाय मोकळे करीत बसली असता, कशावरून तरी विषय निघाला व आम्ही त्या शिडीवरच्या मनुष्याची गोष्ट सांगितली. पत्रिकेचे नाव आम्ही काढले नाही. बंधूही काही बोलले नाहीत; ऐकत मात्र होते.

तो पेंटर आता हयात नाही. त्याच्या उतारवयात छापील फलक आले, शिडी व ब्रश मागे पडले. हल्ली दुकानात बसलेला मुलगा संगणकावर पाच मिनिटांत फलक तयार करतो व त्याचा नमुना गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवितो. पायरीवरच्या चिठ्ठ्यांची ती रीत यामुळे बुडाली असे आम्हांस वाटत होते. पण विचार करता ती उलट सोपी झाली आहे. छापण्यापूर्वी तो नमुना घरातील जाणत्या माणसास दाखवावयाचा, इतकेच काम उरते. मात्र तो दाखवावयास कोणी आपल्याकडे यावे, अशी आपली जीभ असली पाहिजे.

परवा श्रावणात बंधूंचा मोबाइलवर निरोप आला. त्यांच्या वास्तुशांतीची पत्रिका छापावयाची होती, तिचा कच्चा मजकूर सोबत होता. खाली त्यांनी लिहिले होते: “दादा, रंग अजून वाळलेला नाही. पाहून घ्यावे.”

आम्ही नातीस हाक मारली. तिनेच मजकूर वाचला व तिनेच दोन चुका काढल्या. एक आमच्या नजरेतून सुटली होती. तिने ती हळूच, आमच्या कानात सांगितली.